शाळेचें दार आणि ग्रंथालयाचा उंबरठा

इ. स. १८५६ च्या जून महिन्यांत धारवाडच्या एका महार मुलानें मुंबई सरकारकडे एक अर्ज केला. धारवाड त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मोडत असे, आणि तेथील शाळा सरकारी खर्चानें चालत होती. त्या शाळेंत आपणांस घेत नाहींत, एवढीच त्या अर्जांतील तक्रार. सरकारनें अर्जाचा विचार करून जुलै महिन्यांत जो निकाल दिला तो आपल्या शिक्षणाच्या इतिहासांत कायमचा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. निव्वळ न्याय पाहूं गेल्यास तो अर्जदाराच्या बाजूस आहे, हें सरकारनें मोकळेपणीं मान्य केलें. परंतु एकट्या मुलाच्या हितासाठीं युगानुयुगांच्या समजुतींना धक्का लावणें इष्ट नाहीं, असें म्हणून त्यास दाराबाहेरच ठेवलें. कलकत्त्याच्या वरिष्ठ सरकारास ही भूमिका सर्वस्वीं पटली नाहीं, आणि १८५८ सालीं विलायतेहून कंपनीच्या डायरेक्टरांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असाव्यात असा खुलासाहि पाठविला. पण कागदावर उघडलेलें दार गांवांत उघडण्यास पुढें कित्येक दशकें लागलीं.

न्याय कबूल, पण दार बंद! ही स्थिति कां उत्पन्न होते, हें समजून घेणें हाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे. एखादी गोष्ट न्याय्य आहे असें राज्यकर्त्यानें म्हणणें, आणि ती मागून घेण्याचा अधिकार प्रजेच्या हातीं असणें, यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. पहिल्या स्थितींत मागणारा हा याचक असतो. दुसऱ्या स्थितींत तो दावेदार असतो. राज्यघटना म्हटली म्हणजे निवडणुका, मंत्रिमंडळें आणि दिल्लीचें सर्वोच्च न्यायालय हींच आपल्या डोळ्यांपुढें उभीं राहतात; परंतु सामान्य कुटुंबाची आणि घटनेची पहिली गांठ पडते ती मुलाच्या शाळेच्या दाराशीं. शाळा, ग्रंथालय आणि नागरिकत्वाचें शिक्षण हीं तीन स्थळें अशीं आहेत कीं, तेथें घटनेंतील एका शब्दानें एका पिढीचें आयुष्य बदलतें, किंवा बदलावयाचें राहून जातें. त्यांपैकीं शाळेचें दार कायद्यानें कसें उघडलें, ग्रंथालयाचा उंबरठा मात्र अद्याप औदार्याच्याच आधारावर कां उभा आहे, आणि या दोहोंच्या योगानें नागरिक घडतो कसा, हें क्रमानें पाहूं.

शाळेच्या बाबतींत एक ठळक मागणी पुण्याहून झाली. १८८२ सालीं हंटर कमिशन आलें असतां जोतीराव फुले यांनीं त्यापुढें जें निवेदन ठेवलें, त्यांतील दोन मुद्दे येथें महत्त्वाचे आहेत. सरकारी तिजोरींत येणाऱ्या वसुलाचा मोठा भाग शेतकऱ्याच्या घामांतून येतो. मग शिक्षणावरील खर्च वरच्या वर्गांच्याच पदरांत कां पडावा, हा पहिला. आणि प्राथमिक शिक्षण निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत सक्तीचें करावें, हा दुसरा. त्याच कमिशनपुढें दादाभाई नौरोजी यांनींहि सक्तीच्या शिक्षणाचा पुरस्कार केला. फुल्यांच्या मागणींत दानाची भाषा नाहीं, हिशेबाची आहे. जो कर भरतो त्याचें शाळेकडे कांहीं येणें निघतें, असा त्यांचा रोख होता. आणि हक्काची कल्पना बहुधा अशाच हिशेबांतून जन्मास येते. कमिशननें शिफारशी पुष्कळ केल्या, परंतु सक्तीचें तेवढें राहून गेलें.

ही सक्ति प्रत्यक्षांत आणून दाखविली ती संस्थानांनीं. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनीं १८९३ सालीं अमरेली तालुक्यांतील कांहीं गांवांत मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग आरंभिला, आणि १९०६ सालीं तो सबंध संस्थानास लागू केला. त्यांत मुलींचाहि समावेश होता. कोल्हापुरास शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें आणि मुलास शाळेंत न पाठविणाऱ्या पालकास दंड ठेवला. हीं उदाहरणें मराठी माणसास अभिमान वाटण्यासारखीं आहेत यांत शंका नाहीं. पण त्यांतील मर्महि ओळखावयास हवें. तेथें प्रजेला शाळा मिळाली ती राजा चांगला होता म्हणून. एका राजाज्ञेनें उघडलेलें दार दुसऱ्या राजाज्ञेनें बंद होऊं शकतें, आणि त्याविरुद्ध दाद मागण्यास प्रजेला जागा नसते.

ब्रिटिश मुलुखांत ही मागणी कायद्याच्या रूपांत आणण्याची खटपट गोपाळ कृष्ण गोखले यांनीं केली. १९१० च्या मार्च महिन्यांत त्यांनीं वरिष्ठ कायदेमंडळांत ठराव मांडला, आणि एक वर्षानें, १९११ च्या मार्चमध्यें, स्वतःच विधेयक आणलें. तें आज वाचून पाहिलें म्हणजे त्याच्या सौम्यपणाचें आश्चर्य वाटतें. इंग्लंडचे १८७० व १८७६ चे आणि आयर्लंडचा १८९२ चा, असे कायदे त्यांनीं नमुन्यास घेतले होते. सक्ति फक्त सहा ते दहा वर्षांच्या मुलग्यांपुरती. तीहि जेथें मुळांतच बरींच मुलें शाळेंत जात असतील तेथें. तीहि स्थानिक संस्थेनें मनावर घेतलें तर. आणि त्यावर सरकारची परवानगी मिळाली तर. मुलींचा विचार पुढें व्हावयाचा. इतक्या अटींच्या कुंपणांतून अंग चोरून चालणारें हें विधेयकहि १९१२ च्या मार्चमध्यें ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें. आपलें विधेयक पडणार हें गोखल्यांस ठाऊक होतें. आमच्या पिढीच्या वांट्यास अपयशांच्या द्वारेंच देशसेवा करणें आलें आहे, यशाच्या द्वारें ती करणारे पुढें येतील, अशा आशयाचे त्यांचे त्या वेळचे उद्गार प्रसिद्ध आहेत. त्यांत कडवटपणा नाहीं. पण एका गृहस्थाश्रमी माणसाची, आपण लावलेल्या झाडाचीं फळें नातवंडें खातील अशी जी श्रद्धा असते, ती आहे.

हें यश पुढें तुकड्यातुकड्यांनीं आलें. विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नानें १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत नगरपालिकांना सक्ति करण्याची मुभा देणारा कायदा झाला. १९१९ च्या सुधारणांनीं शिक्षणखातें प्रांतांतील हिंदी मंत्र्यांकडे आलें, आणि १९२३ सालीं मुंबईचा प्राथमिक शिक्षणाचा नवा कायदा झाला. त्याच वर्षीं ४ ऑगस्ट रोजीं सीताराम केशव बोले यांनीं, सार्वजनिक पैशानें चालणारे पाणवठे, धर्मशाळा, शाळा, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्य मानलेल्या वर्गांस खुले करावेत, असा ठराव मुंबईच्या कायदेमंडळांत संमत करून घेतला. धारवाडच्या मुलाच्या अर्जास सदुसष्ट वर्षांनीं मिळालेलें हें उत्तर होय. परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे, आणि प्रत्येक कायदा म्हणजे हक्क नव्हे. महाडच्या नगरपालिकेनें या ठरावास अनुसरून चवदार तळें खुलें केल्याचें जाहीर केलें होतें. तरी १९२७ च्या मार्चमध्यें डॉ. आंबेडकर आणि त्यांचे सहकारी तळ्यावर जाईपर्यंत त्या पाण्यास हात लावण्याची कोणाची छाती झाली नव्हती. त्यावरून जो दावा उभा राहिला त्याचा हायकोर्टांतील निकाल लागण्यास १९३७ साल उजाडलें.

हा सर्व इतिहास ज्यांनीं स्वतःच्या अंगावर सोसला होता तेच गृहस्थ पुढें घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष झाले. म्हणूनच २३ नोव्हेंबर १९४८ रोजीं घटना समितींत जें घडलें तें मनास चटका लावून जातें. मसुद्याच्या ३६ व्या कलमाचे दोन भाग होते. प्रत्येक नागरिक मोफत प्राथमिक शिक्षणास हक्कदार आहे, हा पहिला; आणि दहा वर्षांच्या आंत, चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत सर्व मुलांना मोफत व सक्तीचें शिक्षण देण्याचा राज्यसंस्था प्रयत्न करील, हा दुसरा. बंगालचे सभासद लक्ष्मीकांत मैत्र यांनीं उपसूचना मांडली कीं, हें प्रकरण मार्गदर्शक तत्त्वांचें आहे, तीं तत्त्वें न्यायालयाकडून बजावून घेतां येत नाहींत. तेव्हां येथें हक्काची भाषा विसंगत दिसते, ती काढून टाकावी. डॉ. आंबेडकरांनीं उपसूचना स्वीकारली. पहिला भाग गळला, आणि मागें उरला तो ‘प्रयत्न करील’ हा शब्दप्रयोग. शिक्षणाचें कलम मूलभूत हक्कांच्या यादींतून तत्त्वांच्या यादींत तर १९४७ सालींच उतरविण्यांत आलें होतें. आतां हक्काचा शब्दहि गेला.

या प्रसंगावरून डॉ. आंबेडकरांस दोष देणें सोपें आहे. परंतु त्याच दिवशींची दुसरी गोष्ट पाहिल्यावांचून निवाडा करूं नये. दुसऱ्या एका सभासदानें ‘शिक्षण’ या शब्दाच्या जागीं ‘प्राथमिक शिक्षण’ असा शब्द घालण्याची सूचना केली. ती स्वीकारण्यास मात्र डॉ. आंबेडकरांनीं साफ नकार दिला. त्यांचें म्हणणें असें कीं, चौदा वर्षांखालील मुलास कारखान्यांत कामास लावतां येणार नाहीं असें घटना दुसऱ्या कलमांत सांगते. मग त्या वयाचें मूल कामावर नसेल तर तें शाळेंतच असलें पाहिजे. चौथी झाली कीं दहा वर्षांच्या पोरास कामावर जुंपण्याची वाट त्यांनीं या एका युक्तिवादानें बंद केली. शब्द सोडला, पण आंकडा सोडला नाहीं. कायद्याचें काम करणारास हें पक्कें ठाऊक असतें कीं, मोठा शब्द कधीं कधीं पोकळ राहतो, आणि कोपऱ्यांत राहिलेला एक आंकडा पुढें साऱ्या इमारतीचा पाया होतो.

२६ जानेवारी १९५० रोजीं हें कलम ४५ व्या क्रमांकानें अमलांत आलें. सर्व मार्गदर्शक तत्त्वांत मुदत घातलेलें हें एकटेंच तत्त्व होतें. दहा वर्षें १९६० सालीं संपलीं. १९५१ च्या शिरगणतींत साक्षरांचें प्रमाण शेंकडा १८.३३ होतें, १९६१ सालीं तें शेंकडा २८.३० झालें. वाढ लहान नव्हे. परंतु दिलेला शब्द पुरा झाला असें कोण म्हणेल? शिक्षण हा विषय त्या वेळीं राज्यांच्या सूचींत होता. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनें तो समवर्ती सूचींत गेला, म्हणजे त्यावर कायदा करण्याची सत्ता केंद्रासहि मिळाली. शिक्षणावर दिल्लीचा वरचष्मा वाढण्याचा उगम तेथेंच आहे, आणि पुढें सबंध देशास एकच शिक्षणहक्काचा कायदा मिळाला त्याचाहि उगम तेथेंच आहे. एकाच कलमबदलाचीं हीं दोन्हीं फळें होत. एक गोड मानून दुसरें नाकारतां येत नाहीं.

गमावलेला शब्द परत आला तो न्यायालयाच्या वाटेनें, आणि तोहि अगदीं अनपेक्षित निमित्तानें. खाजगी वैद्यकीय व इंजिनियरिंग कॉलेजें प्रवेशासाठीं मोठ्या रकमा घेत असत. त्यावरील तंट्यांत १९९२ सालीं, आणि नंतर १९९३ सालीं उन्नीकृष्णन खटल्यांत, सर्वोच्च न्यायालयापुढें असा प्रश्न आला कीं, शिक्षण हा नागरिकाचा हक्क आहे काय? न्यायालयानें १९९३ सालीं उत्तर दिलें कीं, जगण्याच्या हक्कांत शिक्षणाचा हक्क अंतर्भूत आहे, आणि चौदा वर्षें पुरीं होईपर्यंत तो पूर्णपणें मोफत शिक्षणाचा हक्क आहे. सधनांच्या कॉलेजांच्या भांडणांतून निर्धनांच्या प्राथमिक शाळेचा हक्क निघाला. १९४८ सालीं राखलेला तो चौदाचा आंकडा येथें उपयोगी पडला. पुढें २००२ सालीं शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीनें सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा शिक्षणाचा हक्क २१-अ या क्रमांकानें मूलभूत हक्कांत दाखल झाला. २००९ सालीं त्याचा कायदा झाला. आणि १ एप्रिल २०१० पासून दोन्हीं अमलांत आलीं. सहा वर्षांखालील मुलें मात्र मार्गदर्शक तत्त्वांच्याच ओसरीवर राहिलीं, हेंहि नमूद केलें पाहिजे.

आतां हा हक्क आपल्या, म्हणजे सुशिक्षित मध्यम वर्गाच्या, दारीं कसा येतो तें पाहूं. या कायद्याच्या बाराव्या कलमानें विनाअनुदानित खाजगी शाळांनींहि पहिल्या वर्गाच्या निदान चतुर्थांश जागा दुर्बल घटकांच्या मुलांस मोफत द्यावयाच्या आहेत. सर्वोच्च न्यायालयानें २०१२ सालीं ही तरतूद उचलून धरली. अल्पसंख्याकांच्या शाळांस मात्र २०१४ च्या निकालानें हा कायदाच लागू राहिला नाहीं. २०२४ च्या फेब्रुवारींत महाराष्ट्रांत नियम बदलून, सरकारी किंवा अनुदानित शाळेपासून एक किलोमीटरच्या आंत असलेल्या खाजगी शाळांस या बंधनांतून मोकळीक देण्यांत आली. जुलैमध्यें मुंबईच्या हायकोर्टानें तो बदल रद्द केला. या वादांत आपल्या वर्गांतील पुष्कळ घरांतून जी कुरकुर ऐकूं येते तिचा सूर ओळखीचा आहे. त्या मुलांना इथें जड जाईल, आमच्या मुलांचें नुकसान होईल, शाळेचें वळण बिघडेल. धारवाडच्या निकालांत तरी निराळें काय होतें? न्याय त्यांच्या बाजूस आहे, पण आमच्या शाळेंत नको. शंभर वर्षांपूर्वीं आपल्याच आज्यापणज्यांनीं सरकारी व नगरपालिकेच्या शाळेंत पाटीपेन्सिल घेऊन शिक्षण संपादिलें, आणि त्या शिडीवरून चढून आपण येथवर आलों. वर पोंचल्यावर शिडी ओढून घेणारास घटनेनें अडविलें, तर त्यांत घटनेचा जुलूम नाहीं.

शाळेचें हें असें झालें. ग्रंथालयाची कथा निराळी आहे. महाराष्ट्रांत या संस्था शाळांच्या कायद्यांहून कितीतरी जुन्या आहेत. रत्नागिरीस १८२८ सालीं, पुण्यास १८४८ सालीं वाचनालय निघालें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें आणि मुंबईचें १८९८ चें. वर्गणीदारांच्या आण्यारुपयांवर, देणगीदारांच्या कृपेवर आणि बिनपगारी चिटणिसांच्या चिकाटीवर हीं घरें उभीं राहिलीं. मराठी भाषेवर त्यांचे उपकार न फिटण्यासारखे आहेत. पण ग्रंथालय हें राज्याचें कर्तव्य आहे, हें सूत्र ओळखलें तें पुन्हा सयाजीरावांनींच. सक्तीनें शिकलेला मुलगा शाळा सोडून शेतावर गेला, आणि वाचावयास कांहीं मिळालें नाहीं, तर चारपांच वर्षांत तो अक्षरें विसरतो व शाळेवरील खर्च मातीला मिळतो. म्हणून त्यांनीं १९१० सालीं अमेरिकेहून विल्यम बोर्डन या ग्रंथपालास आणवून मध्यवर्ती ग्रंथालय, गांवोगांवचीं वाचनालयें आणि फिरत्या ग्रंथपेट्या अशी मालिकाच उभी केली. शाळा आणि ग्रंथालय या एकाच गाडीच्या दोन चाकोऱ्या आहेत, हें या राजानें कोणतीहि घटना नसतां जाणलें.

कायद्याच्या बाबतींतहि मान संस्थानाकडेच जातो. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला. त्यानंतर रंगनाथन यांच्या दीर्घ खटपटीस फळ येऊन १९४८ सालीं मद्रासचा कायदा झाला, आणि त्यानें ग्रंथालयांसाठीं स्थानिक करावर एक लहानसा उपकर बसविला. हा उपकर म्हणजे क्षुल्लक बाब नव्हे. ज्या संस्थेस स्वतःचें ठराविक उत्पन्न कायद्यानें मिळतें ती ताठ मानेनें उभी राहते. जिला दरवर्षीं अनुदानाची वाट पाहावी लागते तिची मान आपोआप वांकते. महाराष्ट्राचा ग्रंथालय-कायदा १९६७ सालीं झाला. त्यांत उपकर नाहीं. लोकांच्या संस्थांनीं ग्रंथालयें चालवावयाचीं, सरकारनें त्यांस मान्यता देऊन अ, ब, क, ड असे वर्ग पाडावयाचे, आणि वर्गाप्रमाणें अनुदान द्यावयाचें, अशी ही पद्धति. लोकांच्या हातीं संस्था राहिल्या हा तिचा मोठा गुण. आणि ग्रंथपालाचा पगार व नव्या पुस्तकांची खरेदी हीं दोन्हीं अनुदानाच्या लहरीवर राहिलीं हा तितकाच मोठा दोष. घटनेच्या सूचींत ग्रंथालय हा विषय राज्यांकडेच आहे. आणि अद्याप कित्येक राज्यांत ग्रंथालयांचा कायदाच नाहीं. मूलभूत हक्कांत शाळेला जागा मिळाली, मार्गदर्शक तत्त्वांतहि ग्रंथालयास मिळाली नाहीं.

तरीहि एका आडवाटेनें ग्रंथालय हक्काच्या हद्दींत शिरलें आहे, आणि तें फारसें कोणाच्या ध्यानांत आलेलें दिसत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्काच्या कायद्यास एक परिशिष्ट जोडलेलें आहे. शाळेस वर्ग किती हवेत, शिक्षक किती हवेत, पिण्याचें पाणी, मुलामुलींचीं वेगळीं शौचगृहें, क्रीडांगण, अशी ती यादी आहे. त्याच यादींत, प्रत्येक शाळेंत ग्रंथालय असावें, आणि त्यांत वर्तमानपत्रें, मासिकें व सर्व विषयांवरील पुस्तकें असावींत, गोष्टींचीं पुस्तकेंसुद्धां असावींत, असें स्पष्ट लिहिलें आहे. गोष्टींचें पुस्तक ही कायद्यानें मागून घेण्याची वस्तु झाली! परंतु काचेच्या कपाटाला कुलूप, किल्ली मुख्याध्यापकांच्या खणांत, आणि पुस्तकें तपासणीच्या दिवशीं दाखविण्यापुरतीं, हें दृश्य कोणत्या पालकानें पाहिलेलें नाहीं? पुस्तक फाटेल म्हणून मुलास न देणारी शाळा आणि पाणी बाटेल म्हणून तळें बंद ठेवणारें गांव, यांच्या वृत्तींत फार अंतर नाहीं. कायदा कपाटापर्यंत पोंचला. कुलूप उघडणें हें पालकांच्या मागणीचें काम आहे. ती मागणी कोणी केली तर ती आतां विनंति ठरत नाहीं, हाच काय तो घटनेनें पाडलेला फरक.

येथें तिसरा विषय येतो, तो नागरिकत्वाच्या शिक्षणाचा. मुलांस काय शिकवावें याविषयीं घटना कांहीं मर्यादा घालते. पूर्णपणें सरकारी खर्चानें चालणाऱ्या शाळेंत धर्मशिक्षण देतां येत नाहीं. आणि २००९ चा कायदा म्हणतो कीं अभ्यासक्रम घटनेंतील मूल्यांशीं सुसंगत असावा. १९७६ च्या ज्या दुरुस्तीनें शिक्षण समवर्ती सूचींत नेलें तिनेंच नागरिकांचीं मूलभूत कर्तव्येंहि घटनेंत घातलीं, आणि राष्ट्रगीताविषयीं आदर बाळगणें हें त्यांतील पहिल्याच कलमांत आहे. या कर्तव्याचा अर्थ काय, याची कसोटी केरळांतील एका शाळेंत लागली. एका ख्रिस्ती पंथाचीं तीन भावंडें राष्ट्रगीताच्या वेळीं आदरानें उभीं राहत, परंतु आपल्या श्रद्धेमुळें तें गात नसत. १९८५ च्या जुलैमध्यें त्यांस शाळेंतून काढलें गेलें. केरळच्या हायकोर्टानें दाद दिली नाहीं. पण ११ ऑगस्ट १९८६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांस परत घेण्याचा हुकूम दिला. उभें राहण्यांत आदर पुरेसा व्यक्त होतो, आणि जो कोणाचा अपमान करीत नाहीं त्याच्या तोंडून शब्द वदवून घेण्याचा अधिकार शाळेस नाहीं, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे.

तो निकाल वाचतांना मनांत येतें कीं, त्या वर्षीं त्या शाळेंतील बाकीच्या मुलांस नागरिकशास्त्राचा जो धडा मिळाला तो कोणत्या पुस्तकांत मिळाला असता? तीन लहान मुलें एका बाजूस, आणि शाळा, खातें, लोकमत दुसऱ्या बाजूस. तरीहि दार पुन्हा उघडलें. सन १८५६ मध्यें ‘हा एकटाच आहे’ हेंच कारण देऊन मुलास बाहेर ठेवलें होतें. १९८६ सालीं तीं तिघेंच होतीं, आणि तिघांचा हक्क बहुसंख्यांच्या समजुतीहून वरचढ ठरला. या दोन तारखांच्या मध्यें जें काय घडलें त्यालाच घटना हें नांव आहे. आपल्या शाळांतून घटनेच्या उद्देशिकेचें वाचन होतें. महाराष्ट्रांत २०२० च्या प्रजासत्ताकदिनापासून त्यावर पुन्हा विशेष भर देण्यांत आला. तें चांगलेंच आहे. परंतु परिपाठांत समतेचे शब्द म्हणून झाल्यावर वर्गांत मोफत प्रवेशाच्या मुलास निराळ्या बांकावर बसविलें, तर मूल उद्देशिका विसरेल आणि बांक लक्षांत ठेवील. मुलें कानानें कमी व डोळ्यांनीं अधिक शिकतात. नागरिकशास्त्राचा खरा पाठ दार कोणासाठीं उघडतें यांत असतो.

२००२ च्या दुरुस्तीनें मूलभूत कर्तव्यांत आणखी एका कलमाची भर घातली आहे: सहा ते चौदा वर्षांच्या आपल्या पाल्यास शिक्षणाची संधि देणें हें मातापित्यांचें कर्तव्य होय. शब्दशः पाहतां हें कर्तव्य आपल्या मुलापुरतें आहे, आणि तें आपला वर्ग शिकवण्या लावून उत्साहानें पार पाडतो. पण हक्काचा स्वभाव असा आहे कीं, तो एकट्यापुरता राखूं गेल्यास त्याचा सवलत होऊन बसतो, आणि सवलत कोणीहि काढून घेऊं शकतो. गांवच्या ग्रंथालयाची वर्गणी भरणें, त्याच्या वार्षिक सभेस जाऊन ग्रंथपालाचा पगार विचारणें, आपल्या मुलाच्या शाळेंतील कपाटाची किल्ली मागणें, त्याच्या शेजारीं बसलेल्या मुलाचें नांव घरीं आपुलकीनें घेणें, हीं कामें लहान दिसतात. पण न्यायालयें निकाल देऊन थांबतात, कायदेमंडळें कलमें लिहून थांबतात. त्यापुढील काम घराघरांतून व्हावयाचें असतें.

धारवाडच्या त्या मुलाचें पुढें काय झालें असेल, हा विचार मनांतून जात नाहीं. मागें उरला आहे तो त्याचा अर्ज आणि त्यावरील सरकारी शेरा. त्याच्या अर्जाला जें उत्तर हवें होतें तें द्यावयास या देशास दीडशेंहून अधिक वर्षें लागलीं. आतां तें उत्तर घटनेंत लिहिलेलें आहे. तें वाचावयास शिकविणें हें शाळेचें काम, वाचीत ठेवणें हें ग्रंथालयाचें, आणि त्याप्रमाणें दारांतून बाजूस सरून दुसऱ्यास वाट करून देणें हें आपलें.